नववी कोंबडी

मंगळवार, ३ मार्च

बायकोने ही वही गोळ्यांच्या वेळा लिहायला दिली आहे. तर: सकाळी आठ, पांढरी मोठी. दुपारी दोन, गुलाबी. रात्री नऊ, परत पांढरी. झालं. उरलेली दोनशे पानं माझी.

परिस्थिती अशी आहे. डाव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली आहे, प्लास्टर मांडीपर्यंत. बायको हॉस्पिटलात एक्स-रे काढते, त्यामुळे माझं हाड माझ्याआधी तिने बघितलं आणि सगळ्या खात्याला दाखवलं. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, आणि राहतो लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. हा विनोद आत्तापर्यंत अकरा जणांनी केला आणि प्रत्येकाला वाटलं आपल्यालाच सुचला. चार मजले प्लास्टर चढवता येत नाही म्हणून सहा आठवडे मुक्काम तळमजल्यावर, सासूबाईंकडे. घरजावई व्हायला लोक काय काय खटपटी करतात, मी पाय मोडून घेतला.

अपघात कामावर झाला. एका सात मजली इमारतीत भरदुपारी वीज गेली, लिफ्ट चौथ्या-पाचव्याच्या मधे अडकली, आत एक म्हातारे गृहस्थ. मी आणि माझे जोडीदार मिस्त्री धावलो. मिस्त्री गच्चीवरच्या मशीन रूमकडे गेले, हाताने चाक फिरवून लिफ्ट खाली घ्यायला. मी तेवढं थांबलो नाही. सहाव्याचं दार उघडून केबिनच्या टपावर उडी मारली. टप मला वाटला त्यापेक्षा चार फूट खाली होता. शेवटी म्हातारे चालत बाहेर आले आणि मी स्ट्रेचरवरून. थोडक्यात, शौर्य. त्याबद्दल आणखी काही लिहायचं नाही.

बुधवार, ४ मार्च

बायकोने तिचा जुना लॅपटॉप आणून दिला. त्यात तिच्या खात्यातल्या कुणीतरी अंतराळयानांचा गेम टाकून दिलाय. का, ते ती बोलली नाही, पण काल मी तिला कामावर चौदा फोन केले होते. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी मेलेली आहे, वायर हलली की हा डोळे मिटतो.

गेम असा: सुटे भाग जोडून रॉकेट बनवायचं, उडवायचं, ग्रहांकडे यान पाठवायचं. यानात माणसं बसवता येतात. मी बसवणार नाही. माणसं अडकली की कटकट. बिनमाणसाचं यान, आत यंत्राचा मेंदू, बस्स.

नाव ठेवलं गरुड. गरुड-१ उडालंच नाही, आडवं झालं. गरुड-२ उडालं आणि सासूबाईंनी मिक्सर लावायला वायर काढली.

शुक्रवार, ६ मार्च

गरुड-३ कक्षेत पोचलं! ओरडलो. सासूबाई धावत आल्या, त्यांना वाटलं दुसरा पाय गेला.

मग यान मेलं. म्हणजे धडधाकट दिसत होतं, फिरत होतं, पण कुठलंही बटण दाबा, ढिम्म. खाली लाल अक्षरांत ‘वीज शून्य’. उडवताना सोलर पॅनेल मिटलेली ठेवावी लागतात, नाहीतर हवेत मोडतात. वर गेल्यावर ती उघडायची. मी कक्षा बघत आनंदात बसलो तोवर बॅटरी संपली, आणि आता पॅनेल उघडायचा हुकूम ऐकायलाच मेंदू जागा नाही.

सासूबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. “म्हणजे वीज यायला पॅनेल उघडायला पाहिजे, आणि पॅनेल उघडायला वीज पाहिजे?”

“हो, आई.”

“आमच्या हॉस्पिटलात जनरेटरच्या खोलीला विजेवर चालणारं कुलूप बसवलं होतं. तसंच हे.”

सासूबाईंबद्दल लिहायला हवं. वय अडुसष्ट. एकतीस वर्षं सरकारी रक्तपेढीत तंत्रज्ञ. रक्ताच्या पिशव्या ठेवायच्या फ्रिजचं तापमान दर चार तासांनी रजिस्टरात लिहायचं, हे त्यांचं आयुष्य. वीज जाणं हा त्यांचा वैयक्तिक शत्रू आहे. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली आणि त्या बारा वर्षांत आम्हा दोघांत झालेलं सगळ्यात मोठं संभाषण पाच मिनिटांचं होतं. विषय होता गिझर.

आज पंचवीस मिनिटं बोललो.

रविवार, ८ मार्च

गरुड-४ मध्ये बॅटऱ्या दुप्पट केल्या. तेही मेलं, फक्त सावकाश मेलं.

सासूबाईंनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि एक कोरी वही घेऊन बसल्या. वहीत रेघा आखल्या. पट्टीने.

“खाणारे कोण कोण आहेत ते सांगा.”

“कुठले खाणारे?”

“वीज खाणारे. मिळते किती ते नंतर. आधी खातंय कोण ते बघायचं.”

मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. मेंदू: थोडं खातो पण सतत, झोपेतही. यान वळवणारी चाकं: वळताना खातात, आणि माझं यान उगाचच वळवळत असतं. अँटेना: बकासुर. एक फोटो पाठवला की निम्मी बॅटरी साफ.

“आता उलटी यादी,” त्या म्हणाल्या. “वीज कमी पडली तर आधी कोणाला उपाशी ठेवायचं? आमच्याकडे आधी साहेबांचा एसी, मग जिन्यातले दिवे, मग आमचा पंखा. फ्रिज शेवटपर्यंत नाही.”

“इथे फ्रिज म्हणजे मेंदू.”

“मग फोटो कशाला पाठवत बसलात अंधारात? लग्न आहे का त्याचं?”

मी म्हणालो गरुडाला एवढी शिस्त लागत नाही. त्या म्हणाल्या, “गरुड कसले, कोंबड्या आहेत. उडतात आणि मरतात.” आणि वहीच्या वर लिहिलंसुद्धा: कोंबडी नं. ५. माझ्या अंतराळ कार्यक्रमाची अब्रू तिथेच गेली.

मंगळवार, १० मार्च

पाचवी कोंबडी ग्रहाच्या सावलीत गेली आणि तिथेच गचकली. सावली किती लांब ते मोजलंच नव्हतं. सासूबाईंनी वहीत लिहिलं: सावलीत एकोणतीस मिनिटं, बॅटरी वीस मिनिटांची. पुढे शेरा: “गणित येत होतं, केलं नाही.” शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर असंच असायचं.

दुपारी मिस्त्री आले. मिस्त्री म्हणजे माझे जोडीदार, चौतीस वर्षं या धंद्यात, येत्या मे महिन्यात निवृत्त. बोटांवर ग्रीस इतकं मुरलंय की अंगठ्याचा ठसा घ्यायला शाई लागत नाही. कोपरात टेकायच्या कुबड्या घेऊन आले होते, स्वतः कापून माझ्या उंचीच्या केलेल्या.

कंपनीने चौकशी लावली आहे. ते म्हातारे दम्याचे पेशंट निघाले, एक तास चाळीस मिनिटं अंधारात होते, नंतर दोन दिवस हॉस्पिटलात. वीज गेली की लिफ्टची इमर्जन्सी बॅटरी तिला जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडते, आत दिवा चालू ठेवते. त्या दिवशी बॅटरीत काही नव्हतं. ठणठणीत रिकामी.

“रजिस्टरात दर महिन्याला ‘ठीक’ आहे,” मिस्त्री म्हणाले. “तपासणी तुझी, खाली सही माझी. पाच महिने ठीक. मी विचार करून करून थकलो रे. ठीक असलेली बॅटरी एका महिन्यात मरते कशी?”

“होतं कधीकधी,” मी म्हणालो.

“चौतीस वर्षांत नाही झालं.” मग कप खाली ठेवला. “मी काहीतरी विसरलो असणार. वय झालं. मी त्यांना सांगितलंय, सही माझी म्हणजे चूक माझी. तू पाय सांभाळ.”

सासूबाईंनी त्यांना आणखी चहा विचारला. मिस्त्री नको म्हणाले आणि गेले. गुलाबी गोळी घ्यायची राहिली.

बुधवार, ११ मार्च

खेळलो नाही. पाय दुखतो.

शुक्रवार, १३ मार्च

कंपनीतून पाकीट आलं. एक फॉर्म, आणि त्या इमारतीच्या देखभाल रजिस्टरच्या झेरॉक्स. शुक्रवारी, वीस तारखेला, चौकशीला हजर राहायचं, गाडी पाठवतील. फॉर्ममध्ये लिहायचं आहे की आपण तपासणी कशी केली.

मी फॉर्म उशीखाली ठेवला. झेरॉक्स टेबलावर राहिल्या. आंघोळीहून आलो (प्लास्टरला प्लास्टिकची पिशवी बांधून आंघोळ करणं हा एक वेगळा ग्रंथ होईल) तर सासूबाई त्या बघत होत्या. एकेक पान हातात घेऊन, लांब धरून, जवळ धरून.

“एकाच पेनने लिहिता का तुम्ही?”

“हो. आवडीचं पेन आहे.” त्यांनी विचारलं याचं बरं वाटलं.

“पाच महिन्यांत बरोबरच्या खुणा अगदी सारख्या आल्यात.”

“हात बसलाय.”

 त्यांनी पानं एकावर एक नीट लावली, वर पेपरवेट ठेवला. मग भाजी निवडायला बसल्या आणि कसलाही संबंध नसताना म्हणाल्या, “आमच्याकडे एक तंत्रज्ञ होती. एकदा दुपारी फ्रिजकडे न जाता तिने रजिस्टरात चार लिहिलं. चार अंश. संध्याकाळीही चार. एका साच्यातून काढल्यासारखे ते चारचे आकडे. फ्रिज सकाळीच बंद पडला होता.”

“मग?”

“सत्तावीस पिशव्या रक्त ओतून टाकावं लागलं.”

“आणि ती बावळट? तिचं काय झालं?”

“तिने स्वतःच जाऊन सांगितलं. तीन वर्षं स्टोअरमध्ये बसून सुया मोजल्या.”

मी म्हणालो अशा लोकांना सरकारी नोकरीत घेतातच का. सासूबाई म्हणाल्या, “तेही खरंच.”

रात्री जेवताना बायको लहानपणीचं काहीतरी सांगत होती. तिची आई स्टोअरमध्ये असताना ही शाळेतून परस्पर तिथे जायची आणि सुयांच्या रिकाम्या खोक्यांची घरं बांधायची, तीन-तीन मजली. मी विचारलं लिफ्ट होती का. कुणी हसलं नाही. या दोघींना विनोद कळत नाही.

शनिवार, १४ मार्च

सहावी आणि सातवी जवळच्या चंद्राला जाऊन आल्या. जिवंत! पॅनेल आता चारही बाजूंना आहेत, म्हणजे यान कसंही लोळलं तरी एकाला ऊन लागतंच. एक छोटं पॅनेल न मिटणारं, अंगालाच चिकटवलेलं, त्यामुळे गरुड-३ वाली भानगड मिटली. फोटो फक्त उन्हात पाठवायचे. सगळे सासूबाईंचे नियम. मी फक्त बटणं दाबतो. एका खात्यात साहेब आणि शिपाई असतात तसं चाललंय.

आता लांबच्या निळ्या ग्रहाला जायचं. तिथे ऊन कमी, पॅनेलमधून चौथा हिस्साच वीज मिळते, आणि ऊन तिरपं पडलं तर मेलेला मेंदू जागा व्हायलाही पुरत नाही. सासूबाई म्हणाल्या, “एक बॅटरी कुलूपबंद ठेवायची.” गेममध्ये तशी सोय आहे: एखाद्या बॅटरीचा प्रवाह बंद करता येतो, मग तिला कुणी हात लावत नाही. सगळं संपलं, यान मेलं, तरी ती उघडता येते.

“वजन वाढतं, आई. वापरायचीच नाही तर न्यायची कशाला?”

“ती आहे असं धरायचंच नाही. नाही असं धरून चालायचं. म्हणून ती असते.”

त्यांनी उड्डाणाआधीची यादी केली, सतरा मुद्दे, पुढे खुणेसाठी चौकोन. वही माझ्याकडे दिली. मी भराभर भरली आणि आठवी उडवली. प्रवास मोठा आहे, वेळ पळवायचं बटण दाबूनही दोन दिवस लागतील, कारण सासूबाई जास्त पळवू देत नाहीत. म्हणतात, पळवताना बघायचं राहतं.

रविवार, १५ मार्च

आठवी कोंबडी मेली. निळ्या ग्रहाच्या दारात. फोटो तेवढा सुरेख आला असता.

वीज शून्य. मी ऐटीत म्हटलं, “काळजी नको, राखीव आहे,” आणि बॅटरीवर टिचकी मारली. कुलूप नव्हतंच तिला. पहिल्या दिवसापासून उघडी होती आणि बाकीच्यांबरोबर रिकामी झाली होती.

सासूबाईंनी वही उघडली. मुद्दा अकरा: राखीव बॅटरी बंद. पुढे खूण. माझी, ठसठशीत.

“तुम्ही बघितलं होतं?”

“बघितलं म्हणजे... असणारच होती ना.”

त्यांनी वही मिटली आणि कपड्यांच्या घड्या घालायला गेल्या. मी मागून म्हणालो, “गेम आहे हो, आई! पोरखेळ आहे!” त्या म्हणाल्या, “हो ना.” आणि माझ्या शर्टाची घडी घातली. बाही आत, कॉलर वर. दुकानात घालतात तशी.

मला या घरातून जायचंय. चौथ्या मजल्यावर रांगत जाईन.

सोमवार, १६ मार्च

ही वही कुणी वाचत नाही म्हणून लिहितो.

त्या इमारतीची मशीन रूम गच्चीवर, लिफ्ट सातव्यापर्यंतच, पुढे लोखंडी शिडी. शिडीवर कबुतरांची घाण. बॅटरी एका पेटीत, पेटीला चार स्क्रू, त्यातला एक घासलेला, फिरत नाही. मीटर लावायचा, दहा मिनिटं बॅटरीवर लिफ्ट चालवून बघायची. सगळं धरून पाऊण तासाचं काम. ऑक्टोबरमध्ये केलं नाही, कारण उशीर झाला होता. नोव्हेंबरमध्ये केलं नाही, कारण ऑक्टोबरमध्ये न करून काही झालं नव्हतं. मग सवयच लागली. खाली वॉचमनच्या स्टुलावर बसून पाचही खुणा केल्या, आवडीच्या पेनने. मिस्त्री सही करताना वर बघायचे पण नाहीत. “तू केलंस ना? मग झालं.”

आणि ती उडी. वीज गेल्याचा फोन आला तेव्हाच मला पोटात कळलं होतं बॅटरी का चालली नाही ते. मी त्या म्हाताऱ्यांसाठी उडी मारली नाही. मिस्त्री वर जाऊन पेटी उघडतील, त्याआधी सगळं उरकावं म्हणून मारली. शौर्य! चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर हॅलोजन लागला होता.

हे लिहिलं म्हणून बरं वाटेल असं वाटलं होतं. काही नाही वाटलं.

मंगळवार, १७ मार्च

नववी कोंबडी. आज सासूबाईंनी पद्धत बदलली. वही त्यांच्याकडे. त्या मुद्दा वाचणार, मी पडद्यावर त्या जागी बोट ठेवून आकडा मोठ्याने वाचणार, मग त्या खूण करणार.

“मुद्दा अकरा.”

मी बोट ठेवलं. “राखीव बॅटरी, बंद. भरलेली, शंभर टक्के.”

“परत बघा.”

“बंद, आई.”

“बरं.”

सतरा मुद्द्यांना अर्धा तास लागला. मधे दोनदा मला वाटलं त्या माझ्याकडे बघतायत. बघितलं तर वहीतच बघत होत्या.

गुरुवार, १९ मार्च

उद्या चौकशी. फॉर्म अजून उशीखाली, कोरा. मिस्त्रींचा फोन आला, “घाबरू नको, मी सगळं बोललोय, तू फक्त हो म्हण.” आवाज बसला होता. म्हणाले सध्या नीट झोप लागत नाही, एकेक जुनी इमारत आठवत राहते, तिथेही काही विसरलो असेन का म्हणून.

दुपारी चारला नववी निळ्या ग्रहापाशी पोचली आणि सावलीत शिरली. सावली आमच्या हिशेबापेक्षा मोठी निघाली, कारण मी कक्षा जरा वाकडी लावली होती. बॅटरी बारा टक्के. पाच. एक. शून्य. मेंदू बंद. पडद्यावर काळा गोळा आणि एक मेलेली कोंबडी.

सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. मी म्हटलं, “बसा, आई.” ऊन येईपर्यंत थांबलो. घाई करून अंधारातच राखीव उघडली असती तर तीही गेली असती, हे मला कळलं म्हणून माझं मलाच आश्चर्य वाटलं. कडेने प्रकाशाची रेघ आली. राखीवचं कुलूप उघडलं. मेंदू जागा झाला. यान हळूच वळवलं, एकदाच, उगाच वळवळ नाही. पॅनेलवर सरळ ऊन पडलं आणि आकडा चढायला लागला. दोन टक्के. तीन. सात.

“अहो, जिवंत आहे!” सासूबाई म्हणाल्या आणि माझ्या प्लास्टरवर जोरात थाप मारली. मी कळवळलो. मग पहिला फोटो आला. निळा, धुरकट, अर्धा. त्या पदराने चष्मा पुसून पुसून बघत होत्या.

आणि तेव्हा, का कोण जाणे, मी म्हणालो, “आई, मी ती बॅटरी कधी तपासलीच नव्हती. लिफ्टची. पाच महिने.”

“बरं,” त्या म्हणाल्या.

“बरं काय? मिस्त्रींवर आलंय सगळं!”

“हो ना. मग उद्या गाडी किती वाजता येणार आहे? इस्त्रीचा शर्ट काढून ठेवते.”

एवढंच! मी आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट सांगितली आणि बाई इस्त्रीवर आल्या. मला राग आला. अजून आहे.

संध्याकाळी बायको आल्यावर तिलाही सांगितलं. ती इस्त्रीवर आली नाही. पर्स खांद्यावर तशीच ठेवून ऐकलं. “तो म्हातारा मेला असता तर?” म्हणाली. “तर तू हे सांगितलं असतंस?”  ती आईच्या खोलीत झोपली.

शुक्रवार, २० मार्च

चौकशीच्या खोलीत लांब टेबल, पलीकडे सुरक्षा अधिकारी बाई, अलीकडे मिस्त्री, अंगात लग्नातला कोट. बाईंनी विचारलं तपासणी कशी करत होता. मी म्हणालो, “करत नव्हतो.” मग सगळं सांगितलं: शिडी, कबुतरं, स्टूल, पेन. उडीचं खरं कारणही. विनोद करायचा एक प्रयत्न केला, तो पडला.

 मिस्त्री टेबलाकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, “म्हणजे मी काही विसरलो नव्हतो.”

“नाही, मिस्त्री.”

त्यांनी मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले, कोट सैल झाला. मला वाटलं आता संपलं, सुटलो. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. चौतीस वर्षं तारा ओढलेल्या माणसाची नजर. “दहा दिवस मी रोज बायकोला विचारतोय, मला वेड लागतंय का. दहा दिवस. तू चहा पीत बसला होतास माझ्यासमोर.” आणि एक शिवी दिली. ती इथे लिहीत नाही, पण नेमकी होती.

बाई त्यांनाही म्हणाल्या, न बघता सही करणं हाही दोषच. मिस्त्री म्हणाले, “आहे ना. लिहा. तेवढाच लिहा.”

माझा परवाना एक वर्ष बंद. पाय बरा झाला की सुट्या भागांच्या गोदामात. मिस्त्रींना लेखी समज, निवृत्ती वेळेवर. बाहेर पडताना त्यांनी माझ्यासाठी दार धरलं, कारण कुबड्या होत्या. बोलले मात्र नाहीत.

मंगळवार, २४ मार्च

दात घासताना एकदम कळलं. सुया! स्टोअर! ती बावळट तंत्रज्ञ!

तोंडात फेस घेऊन स्वयंपाकघरात गेलो. सासूबाई पोळ्या लाटत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “अकरा दिवस लागले. लिफ्टमध्ये लोक तुमची वाट कशी बघत असतील.”

बायकोलाही ठाऊक होतं. ती तिसरीत होती तेव्हाचं. ती आज माझ्याशी बोलली. फक्त “फेस पूस” एवढंच, पण बोलली.

शनिवार, ४ एप्रिल

प्लास्टर आता गुडघ्याखालीच आहे. सकाळी सासूबाईंना म्हणालो, त्या इमारतीत जाऊन यायचंय. त्यांनी चपला घातल्या.

तिथली लिफ्ट बंद आहे, नवी तपासणी होईपर्यंत. म्हातारे सहाव्यावर राहतात. एकशे आठ पायऱ्या. कुबड्यांनी दोन मजले झाले आणि तळहात सोलले. मग जिन्याकडे पाठ करून खाली बसलो आणि उलटा, एकेक पायरी, ढुंगणाने चढलो. सासूबाई कुबड्या घेऊन मागून, म्हणजे माझ्या तोंडासमोर. वाटेत एक बाई पिशव्या घेऊन उतरत होत्या. त्यांना रस्ता द्यायला भिंतीला चिकटलो. “लिफ्टवाले आहेत,” सासूबाईंनी ओळख करून दिली.

पन्नास मिनिटांनी सहाव्यावर. दार म्हाताऱ्यांनीच उघडलं. सडसडीत, छाती अजून रुंद. तरुणपणी तरणतलावावर प्रशिक्षक होते, भिंतीवर शिट्टी टांगलेली. मी दारात जमिनीवरच बसलेला. वर बघत मी माझं म्हणणं सांगितलं. कोण, काय केलं नाही, किती महिने. माफी मागितली.

त्यांनी ऐकून घेतलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं.

“आत या. बसा. मी एक तास चाळीस मिनिटं आत होतो. तेवढा वेळ आहे का तुम्हाला?”

मी म्हणालो आहे.

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. पहिल्या मिनिटापासून. ते पेपर आणायला खाली गेले होते, दम्याचा पंप घरी टेबलावर होता. पाचव्या मिनिटापर्यंत ते हसत होते. बाराव्या मिनिटाला बटणं चाचपून घंटेचं बटण शोधलं. घंटा वाजत नव्हती. तीही त्याच बॅटरीवर असते हे मला माहीत होतं, त्यांना तेव्हा नव्हतं. विसाव्या मिनिटाला ते खाली बसले आणि श्वास मोजायला लागले. चार आत, सहा बाहेर, मुलांना शिकवायचे तसे. सांगतानाही तसेच मोजत होते. मधेच घड्याळ बघून थांबायचे, “इथे काहीच झालं नाही,” म्हणायचे, आणि खरोखरच दोन-तीन मिनिटं काही बोलायचे नाहीत. मी पाय हलवला तरी आवाज यायचा.

एकदा मी बोलायला तोंड उघडलं. सासूबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

पंचेचाळिसाव्या मिनिटाला त्यांनी कुणाच्या तरी पावलांचा आवाज ऐकला आणि हाका मारल्या. पावलं गेली. पंचावन्नाव्या मिनिटाला सहाचा आकडा पुरेना, बाहेर सोडायला श्वासच नव्हता. साठाव्या मिनिटाला त्यांनी सदऱ्याची बटणं काढली.

“आणि इथे,” ते म्हणाले, घड्याळावर बोट ठेवून, “एक तास दहा मिनिटांनी, मला वाटलं, आता कुणी येत नाही. मग मी मोजणं बंद केलं.”

पुढे सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. त्यांनी हात मांडीवर ठेवले. बाहेर कुणाच्या तरी खिडकीत कपडे झटकल्याचा आवाज आला. मी घड्याळ बघितलं नाही.

उरलेली तीस मिनिटं आम्ही तिघं तसेच बसून राहिलो.